नाही म्हणायचा सराव

आमच्या टेबलाचा पहिला नियम असा, की इथे बोललेलं इथेच राहायचं. नियम चांगला आहे, पण त्यामुळे होतं काय, की किस्से साठत जातात आणि सांगायला कुणी मिळत नाही. पोटात नुसतं गुडगुडत राहतं. म्हणून आज मी फक्त आमच्या स्वतःच्या फजित्या सांगणार आहे. त्यात ओमकार येतो, पण त्याला विचारलंय. तो म्हणाला, "सांग की. फक्त मला जरा हँडसम दाखव."

ओमकार हँडसम आहे. बास, झालं.

टेबल म्हणजे बनशंकरीतल्या आमच्या कॉलेजात, कॅन्टीनमागे फणसाच्या झाडाखाली दर शनिवारी मांडलेलं एक टेबल आणि दोन बाकं. शाळाही त्याच आवारात. तिथे आम्ही मुलंच मुलांशी बोलतो. व्हेप, दारू, झोप, डाएटच्या नावाखाली जेवण सोडणं, जे असेल ते. आम्ही म्हणजे मी, सेकंड पीयूला, म्हणजे तुमच्या बारावीला. माझ्याच वर्गातला प्रज्वल, इथलाच, कन्नड. आणि सानिका, एक वर्षाने लहान, बेळगावकडची. ती मला अक्का म्हणते आणि तरी माझं काही एक ऐकत नाही. आमच्यावर लक्ष ठेवायला कौन्सेलर शैलजा मॅडम.

मी यात पडले ती ओमकारमुळे. आमचे दोघांचे बाबा नोकरीसाठी पुण्याहून इथे आले, एकाच बिल्डिंगमध्ये राहिलो, आणि वर्गात मराठीत कुजबुजायला मला तो एकटाच. फुटबॉल टीमचा गोलकीपर. गेल्या वर्षी तो व्हेप ओढायला लागला. मला कळलंय हे त्याला कळलं, तसा तो माझ्याशी बोलायचाच बंद झाला. लिफ्टमध्ये भेटला तरी मोबाईलमध्ये डोकं. मला माझा मित्र परत हवा होता आणि त्याची छाती शाबूत हवी होती. माझी समाजसेवा ती एवढीच.

*

पहिले कितीतरी शनिवार टेबलाकडे काळं कुत्रं फिरकलं नाही. आम्ही तिघं एकमेकांनाच समजून घेत बसायचो.

मग एकदा नववीतला एक मुलगा आला. दोनदा पुढे आला, दोनदा मागे गेला. कान लाल. सानिकाने मला कोपर मारलं आणि आपला सगळ्यात मऊ आवाज काढला. "बस ना. घाई नाही. इथे बोललेलं बाहेर जात नाही. मनात काय आहे ते सांग."

मुलगा म्हणाला, "अक्का, तुमच्या टेबलाखाली माझा बॉल गेलाय."

*

ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक गोष्ट डोक्यात भरवली होती. सल्ला द्यायचा नाही. 'नको करूस' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. फक्त प्रश्न विचारायचा आणि समोरच्याला त्याचं त्याला ठरवू द्यायचं. सवय अशी लागली की विचारू नका.

रविवारी आईने बटाटेवडे केले होते. बाबा सहज म्हणाले, "अजून एक घेऊ का गं?"

मी म्हटलं, "खाल्ल्यावर तुम्हाला कसं वाटेल, बाबा?"

त्यांनी वडा परत ठेवला. मग चहा होईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. आई आतून म्हणाली, "बाहेर जगाचं भलं करून येते आणि घरात माणसाच्या घशाखाली घास उतरू देत नाही."

*

टेबल उठलं की आम्ही सराव करतो. नाही म्हणायचा सराव. एकाने देऊ करायचं, दुसऱ्याने नाही म्हणायचं. खरा व्हेप आणणं शक्यच नाही, म्हणून गुलाबी हायलायटर. देऊ करायचं काम नेहमी प्रज्वलकडे. एरवी हा मुलगा इतका सज्जन, की बसमध्ये स्वतःचाच पाय चेंगरला तरी सॉरी म्हणेल. पण हातात हायलायटर आला की त्याच्या अंगात येतं. भिंतीला टेकतो, डोळे बारीक करतो. "मच्चा, एकदाच. कुणाला कळतंय? मँगो फ्लेवर आहे."

एकदा हे सगळं कॅन्टीनच्या पलीकडून आमच्या सिक्युरिटी अण्णांनी ऐकलं. आम्ही काही बोलायच्या आत प्रज्वलची कॉलर धरून त्याला थेट प्रिन्सिपॉलसमोर उभा केला.

सर म्हणाले, "मूठ उघड." उघडली. हायलायटर. सरांनी टोपण काढलं, वास घेतला, परत घेतला.

"यात मँगो कुठे आहे?"

"सर, ती ॲक्टिंग होती."

शैलजा मॅडम जाऊन त्याला सोडवून घेऊन आल्या. अण्णांनी मात्र त्याला अजून सोडलेलं नाही. दर शनिवारी गेटवर त्याला विचारतात, आज कुठला फ्लेवर.

*

आता हसणं थोडं बाजूला ठेवते.

परीक्षेआधी एक दिवस अचानक बॅगा तपासायला आले. व्हेप सापडला तर सस्पेन्शन, आणि टीममधून कायमचं बाहेर, हे सगळ्यांना माहीत होतं. ओमकार माझ्या पुढच्या बाकावर. त्याची बॅग उघडली. देवा, नसू दे, एवढंच मनात. एक एक वस्तू बाहेर आली. ग्लोव्हज, मोजे, अर्धं सँडविच, परत मोजे. बाकी काही नाही.

मी इतका मोठा श्वास सोडला की तपासणाऱ्या मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझी बॅग दोनदा तपासली.

बाहेर आल्यावर ओमकार जाता जाता म्हणाला, "तुझं तोंड बघून कुणालाही वाटलं असतं की माल तुझ्याकडे आहे." कितीतरी महिन्यांनी तो माझ्याशी बोलला होता. टोमणा तर टोमणा, मला चालला.

*

मग आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली.

मी क्लासहून येत होते. ओमकार तिसऱ्या मजल्यावर पायरीवर बसलेला. गोलपोस्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झेप घेणारा मुलगा, आणि राहतो पाचव्यावर. छाती वरखाली होत होती, मला बघून उठायला गेला आणि खोकतच सुटला.

मी शेजारी बसले. मनात ट्रेनिंगमधले सगळे प्रश्न तयार होते. तुला कसं वाटतंय. तुला काय बदलावंसं वाटतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"नको ना रे ओढूस. मला भीती वाटते."

त्याने बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाला, "हे तुमच्या ट्रेनिंगमध्ये बसतं?"

"नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला.

आम्ही उरलेले मजले हळूहळू चढलो. त्याने माझी बॅगही घेतली नाही, नालायक.

*

त्यानंतरच्या शनिवारी आमचा सराव चालू होता. प्रज्वल भिंतीला टेकून सानिकाला मँगो देऊ करत होता आणि सानिका नाही म्हणत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "असं कुणी बोलत नाही."

ओमकार उभा होता. खिशात हात, अंगात टीमची जर्सी. तो स्वतःहून आला होता. मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी खाली वाकून बुटाची लेस बांधत बसले.

सानिका कुठली थांबतेय. तिने सरळ विचारलं, "सोडलंस?"

"सोडतोय. मंगळवारी परत ओढला. नंतर नाही."

शैलजा मॅडम म्हणाल्या, "मग खरं कसं बोलतात, ते तू दाखव."

तो टेबलाजवळ आला, पण बसला नाही. "आम्ही मॅच हरलो होतो. माझ्यामुळे. टीममधलं कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. ग्राउंडमागे सीनियर बसले होते. हवंय का असं कुणी विचारलंच नाही. फ्लेवर वगैरे काही नाही. एक जण नुसता बाजूला सरकला आणि म्हणाला, 'बा, कूत्को.' ये, बस. एवढंच."



"मग याला नाही कसं म्हणायचं?" मॅडमनी विचारलं.

"मला कुठे माहितीये, मॅडम? तेच शिकायला आलोय."

मी प्रज्वलकडे पाहिलं. त्याने हायलायटर खिशात टाकला, बाकावर जाऊन बसला आणि पार कडेपर्यंत सरकला.

"बा," तो ओमकारला म्हणाला, "कूत्को."