साताऱ्याहून सांगलीला, दप्तरात करंटचा दांडा

सकाळी सातला साताऱ्यातून सायकलवर टांग मारली, तेव्हा अजिंक्यताऱ्यावर नुकतं ऊन यायला लागलं होतं. नाशिकच्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवते. कृष्णेचं खोरं आजवर नकाशावरच दाखवत आले. ते एकदा चाकाखालून जावं एवढीच हौस. सांगलीपर्यंत तीन दिवस, एकटीनं.

साताऱ्यात मी शाळेतल्या एका बाईंच्या थोरल्या भावाकडे उतरले होते. सगळे त्यांना आबा म्हणतात. फौजेत तारा-टेलिफोनच्या कामावर हवालदार होते, आता घरी रेडिओ दुरुस्त करतात. मी एकटी जाणार हे कळल्यावर त्यांनी अडवलं नाही, फक्त आतून एक हातभर लाकडी दांडा आणला. आत टॉर्चचे सेल, टोकाला पितळेचे दोन खिळे. खिट्टी सरकवून बटण दाबलं की टोकाशी निळी ठिणगी तडतडायची.

“लेकीसाठी केल्ता. नर्स हाय, वाड्यावस्त्या हिंडती,” आबा म्हणाले. “पर बाई, ही धाक दावायची वस्तू न्हाई. कुणी अंगाला हात घातला तरच. छातीला, मानंला, तोंडाला लावायचा न्हाई. मांडीला टेकवायचा, ‘एक’ म्हणायचं आन् काढायचा. पाण्यात पाय आसतील, तुमचं न्हाईतर त्येचं, तर खिट्टीला हात बी लावायचा न्हाई.”

“आणि मग?”

“मग पळायचं. सामान ऱ्हायलं तर ऱ्हाऊ द्या.”

ती खिट्टी त्यांनी माझ्याकडून वीसेक वेळा उघडून, लावून घेतली. मला मनातून हसू येत होतं.

पहिला मुक्काम कराडला केला. दुसऱ्या दिवशी कडेगावच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच तोडणी झालेलं मोकळं रान. उसाच्या गाडीवरच्या एका म्हाताऱ्यानं ओरडून विचारलं, “कुनीकडं, ताई?” सांगली म्हटल्यावर त्यानं कांडकं मोडून माझ्या हातात दिलं.

दुपारी चाक बसलं. मी रस्त्याकडेनं शेताला पाणी नेणाऱ्या पाटात उतरले आणि ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधू लागले. दप्तर खांद्यालाच होतं. तेवढ्यात एक माणूस सायकलवरून आला. तिशीचा, स्वच्छ शर्ट.

“पंक्चर व्हय? दावा हिकडं.”

मी आभार मानले. तो पाटात उतरला, ट्यूब बाजूला टाकली आणि माझं मनगट धरलं. “चल, आत उसात सावली हाय.”

मी ओरडले. आसपास कुणी नव्हतं. मोकळा हात दप्तरात गेला, दांडा सापडला, आणि तेव्हाच पायाला पाण्याचा गारवा जाणवला. आम्ही दोघंही घोट्याएवढ्या पाण्यात उभे होतो. मी खिट्टी उघडली नाही. तो ओढत होता तशी दोन पावलं त्याच्याबरोबर गेले. त्या दोन पावलांइतकं लांब मी आयुष्यात कधी चालले नाही. बांधावर कोरडी माती लागली. मी खिट्टी सरकवली, त्याच्या मांडीला दांडा टेकवला, ‘एक’ म्हटलं आणि काढला.

तो गुरासारखा ओरडला आणि खाली कोसळला. सायकल तिथंच टाकून मी पळत सुटले.

समोर गुऱ्हाळाचा धूर दिसत होता. तिथं तुळसाआक्का म्हणून एक बाई कढत रसावरची मळी काढत होत्या; त्यांनी मला बघितलं आणि झारा खाली ठेवला. “लागलं का कुटं?” मग पाणी दिलं, आणि मी बोलेपर्यंत पुढचं काही विचारलं नाही. मी सगळं सांगितलं तसे गुऱ्हाळावरचे दोघे गडी कोयते घेऊन धावले.

त्यांची वाट बघताना मला एकच भीती होती: तो मेला तर? अर्ध्या तासानं गडी माझी सायकल घेऊन आले.

“ग्येला त्यो. लंगडत, शिव्या देत, वढा वलांडून ग्येला.”

मला रडूच कोसळलं.

“आता कशाला रडतीस?” आक्का म्हणाल्या.

“तो जिवंत आहे म्हणून.”

“आसल्यासाटी बी रडतीस व्हय? रड बाई. पर आदी खा.” त्यांनी हातावर गरम गूळ आणि भाकरी ठेवली.

पोलीस पाटलांनी हकिगत लिहून घेतली. गुऱ्हाळाचे मालक बैलगाडीत सायकल घालून मला कडेगावपर्यंत पोचवायला आले. तिथं पंक्चर काढून घेतलं. तिसऱ्या दिवशी सांगलीत शिरले ती हळदीच्या वासातूनच. घाटावर बसून भडंग खाल्लं, कृष्णेत पाय सोडले, आणि ज्यांची नावंही विचारायची राहिली त्या माणसांना मनोमन हात जोडले.

परतताना साताऱ्यात आबांना दांडा दिला. “पाण्यात होतो. कोरड्यावर येईपर्यंत थांबले,” एवढंच सांगितलं. त्यांनी खिट्टी एकदा उघडली, लावली आणि दांडा जपून आत नेऊन ठेवला.

नाशिकला सगळ्यांनी एकच विचारलं: एकटी कशाला गेलीस? सोमवारी वर्गात मी मुलींना खोरं शिकवलं. ऊस, पाट, गुऱ्हाळ, आणि पाटात काय घडलं तेही, काही न लपवता. कृष्णाकाठचं हे सगळं त्यांचंही आहे, असं मला वाटत होतं.

तास संपला. मुली गेल्या. एक जण मागच्या बाकावरून उठलीच नाही.

“बाई, मला काहीतरी सांगायचंय.”

मी दार लोटलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.