कोबालबाईंचा चोविसावा फॉर्म

दानित्सा कोबाल हे नाव आमच्या राज्यशास्त्राच्या एकाही पुस्तकात सापडायचं नाही. पण लोकांचा पक्षांवर, संसदेवर, न्यायालयांवर किती विश्वास आहे, हे आम्ही राजधानीत, ल्युब्लियानात बसून ऐटीत लिहितो ना, ते सगळं या बाईच्या तंगडतोडीवर. विपावा खोऱ्यातल्या गावांत दारोदार फिरून तीस वर्षं ती आमच्या सर्वेक्षणाचे फॉर्म भरून आणत होती.

त्या वर्षी मात्र मला संशय आला. सरकारी नोंदवहीतून आम्ही चिठ्ठ्या काढाव्यात तशी नावं काढतो. ज्याचं नाव निघेल त्यानेच उत्तर द्यायचं, बदली माणूस चालत नाही. बाकी ठिकाणी निम्मे लोक तोंडावर दार लावतात आणि हिचे चोविसांतले तेवीस फॉर्म भरलेले! बाई घरात बसून खरडतेय, मी सरळ म्हटलं. खोटं निघालं तर सगळे फॉर्म रद्द आणि तिचं काम बंद, असं ठरवून मी पडताळणीला निघाले.

पहिल्याच घरचा म्हातारा द्राक्षवेली छाटत होता. चार वेळा हाकललं तिला, म्हणाला. पाचव्यांदा कात्री घेऊनच आली, दोन ओळी छाटून दिल्या, मग काय, म्हटलं विचार बाई. पुढच्या घरी तिने, वाऱ्याने कौलं उडू नयेत म्हणून, छपरावर दगड चढवायला हात लावला होता. नऊ घरं फिरले आणि माझं तोंड एवढंसं झालं. तरी खोड जाते थोडीच?

तिच्या घरी गेले तेव्हा ती आंबवलेल्या कोबीचं योता नावाचं सूप ढवळत होती. कोरा राहिलेला चोविसावा फॉर्म मी पुढे धरला. नाव होतं स्तोयान कोबाल. तिचा नवरा, समोरच पेपर वाचत बसलेला.

"कोबालबाई, हा तर जेवता जेवता भरून झाला असता."

"म्हणूनच नाही भरला," ती म्हणाली. "चाळीस वर्षं संसार केलाय. माझ्यासमोर हा खरं बोलेल होय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पेन काढलं, स्तोयानसमोर बसले. तिने गॅस बंद केला, कोट चढवला आणि तिथल्या बुर्या नावाच्या बोचऱ्या वाऱ्यात पार कुंपणापाशी जाऊन उभी राहिली, चांगली तासभर.

स्तोयान काय म्हणाला ते मी सांगणार नाही. तिलाही सांगितलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.