दादाच्या तळव्यावरचे ठिपके

चाकणच्या एका कारखान्यात, पत्रे दाबून घडवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये माझ्या थोरल्या भावाचा अपघात झाला, तेव्हा आत हात असला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद होता. तो बिघडला नव्हता, माल वेळेत निघावा म्हणून सुपरवायझरनं बंद करायला लावला होता. दादाचा हात आत असतानाच प्रेस खाली आली, पत्रा उसळला आणि त्याची धार मनगटात घुसली. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटांकडे जाणारा मज्जातंतू तुटला. सर्जननं तो त्याच दुपारी जोडला.

मी तेव्हा दापोडीहून रोज बसनं पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत जायची. काचेच्या ताटलीत वाढवलेल्या मज्जापेशींना फुटणारे तंतू पाहणं, मोजणं, हे माझं काम. दादा चेष्टेनं विचारायचा, आज किती फांद्या फुटल्या?

अपघातानंतर तेच काम मी त्याला नीट समजावून सांगितलं. टाके घालून जोडतात ते वरचं आवरण. जखमेच्या पुढचे जुने तंतू मरतात, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत नवे वाढावे लागतात. वाढणाऱ्या तंतूच्या टोकाशी पसरलेल्या पंजासारखा भाग असतो आणि त्यात ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे असतात. इतर काही प्रथिनं ते धागे पुढच्या बाजूनं वाढवतात, काही जुने धागे तोडतात, म्हणजे त्यांचे सुटे कण पुन्हा वापरता येतात. आमच्या ताटलीत तोडणारं प्रथिन कमी केलं की वाढ जागच्या जागी अडायची.

"म्हणजे तोडणारापण लागतोच," दादा म्हणाला.

आणि सगळं ठीक चाललं तरी वाढ दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर, हेही मी सांगितलं. दर रविवारी मी त्याच्या मनगटापासून पुढं बोटानं हलकेच ठोकत जायची. मुंग्या जिथपर्यंत उठायच्या तिथं बॉलपेननं ठिपका द्यायचा आणि मोबाइलवर फोटो काढायचा. ठिपके तळव्यातून हळूहळू बोटांकडे सरकत होते.

तिसऱ्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं. जखम पूर्ण बरी झाली आहे, आपण कामात मुद्दाम टाळाटाळ करत आहात, आठ दिवसांत हजर व्हा. दादानं ते दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. वीस वर्षांत या माणसानं एकदाही शिफ्ट चुकवली नव्हती. माझा संताप आवरेना. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर चाकणला गेले.

तिथला अधिकारी गोड बोलणारा होता. टाके निघून दोन महिने झाले, मग अडचण काय, असं त्यानं विचारलं. मी फोटो दाखवले, वाढीचा वेग सांगितला. तो ऐकत होता, पण नजर दादाच्या हातावर होती. मग त्यानं समोरच्या फलकावरची टाचणी काढली आणि न विचारता दादाच्या तर्जनीच्या टोकाला खुपसली.

दादा हललासुद्धा नाही. तो माझ्याकडेच बघत होता. बोटावर रक्ताचा थेंब आला, तो दादाला मी आणि अधिकारी तिकडे बघायला लागल्यावर दिसला.

"कळलंच नाही मला," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात लाज होती, आणि मला त्या लाजेचाच सगळ्यात जास्त राग आला.

मी अधिकाऱ्याला म्हटलं, "दुखणं कळतं का, ही परीक्षा तुम्ही सुपरवायझरची घ्यायला हवी होती."

पत्र मागं घेतलं गेलं. तसं कळवणाऱ्या दुसऱ्या पत्रात 'गैरसमज' असा शब्द होता, माफीचा नव्हता. सेन्सरबद्दल मी सरकारी कार्यालयात तक्रार केली. तपासणीच्या दिवशी सेन्सर चालू होता, म्हणून मशीन सुस्थितीत आहे असं उत्तर आलं. मी पुन्हा लिहिलं. त्याचं उत्तर आलेलं नाही.

वर्षभरात दादाच्या बोटांना गरम-गार कळू लागलं. अंगठ्याची पकड मात्र पूर्ण आली नाही. शर्टाची बटणं वहिनी लावते. कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये बसवलंय.

मागच्या महिन्यात चिंचवडच्या एका कार्यालयात अधू अंगठ्यानं केलेली त्याची सही जुन्या सहीशी जुळेना, म्हणून कारकुनानं अर्ज परत केला. दादा निमूटपणे नवा फॉर्म मागायला लागला. मी त्याला बाजूच्या बाकावर बसवलं आणि कारकुनाला सांगितलं, साहेबांना बोलवा, आम्ही थांबतो.