न पुसलेली पट्टी

हस्निदा तीन दिवस धड जेवली नव्हती. आणि तिला गप्प राहायला आपणच सांगितलं, हे झावियाच्या मनातून काही केल्या जाईना.

झाविया कोता बारू शहरातल्या शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. हस्निदा तिची थोरली मुलगी, चौतिशीची. लहानपणी तांदूळ धुतानाही पाणी किती वेळा बदललं ते मोजणारी. त्याच स्वभावावर तिला डॉक्टर फौझानच्या छोट्या कंपनीत काम मिळालं. फौझान झावियाचा विद्यार्थी. अजूनही तिला 'चेगू' म्हणायचा, शाळेतल्या बाईंना 'बाई' म्हणतात तसं.

कंपनीत सशांच्या रक्तातून अँटिबॉडी काढत. प्रथिनातल्या एका ठरावीक अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटलेलं असेल, तरच तिथे जाऊन बसणारी. प्रत्येक नवी खेप बाहेर जाण्याआधी हस्निदा तपासायची. एका नमुन्यात काळी पट्टी उमटायला हवी. त्याच नमुन्यातलं फॉस्फेट एन्झाइमने काढून टाकलं, की पट्टी नाहीशी व्हायला हवी.

"पट्टी दिसली यात काही विशेष नाही, मक," ती आईला सांगायची. "ती जाते का ते बघायचं असतं."

हरी रायाच्या, म्हणजे ईदच्या, आधीच्या आठवड्यात ते एन्झाइम संपलं आणि नवं बंदरात अडकलं. सगळ्यांना गावी जायची घाई. हस्निदाने दुसरी तपासणी न करताच नोंदीत लिहिलं, 'मागच्या खेपेप्रमाणे'. आयुष्यात पहिल्यांदाच. सण उरकल्यावर एन्झाइम आलं, तेव्हा तिने सोमवारी गुपचूप तपासणी केली. पट्टी जागची हलली नव्हती. फॉस्फेट असो वा नसो, ही अँटिबॉडी चिकटतच होती.

तोवर त्या खेपेच्या कुप्या देशाच्या सीमेपलीकडे सोंगखला शहरात पोचल्या होत्या, डॉक्टर रत्तियांकडे. त्यांच्याकडे एकेचाळीस रुग्णांच्या मूत्रपिंडातल्या गाठींचे तुकडे होते, नखाएवढे; ते याच अँटिबॉडीने तपासायचे होते. त्यातले बरेच रुग्ण आता हयात नव्हते. तुकडा एकदा वापरला की संपला.

"कळवू का त्यांना?" सोमवारी हस्निदाने विचारलं होतं.

"आधी तपासणी पुन्हा करून बघ. फौझानचं नाव जाईल, तुझी नोकरी जाईल. जरा दम धर."

आज गुरुवार. सकाळी गोकर्णीच्या फुलांनी रंगवलेला निळा भात हस्निदाच्या ताटात तसाच राहिला.

"नुसता बघायला केलाय का मी तो?" झाविया म्हणाली.

"दुसऱ्यांदाही तसंच आलं, मक."

"मग?"

"मग काय. तू म्हणालीस गप्प बस. बसलेय."

"टोमणे मारू नकोस."

"टोमणा नाही गं. तू तसं म्हणालीस तेव्हा मला हायसं वाटलं होतं. त्याचीच भीती वाटते." हेल्मेट उचलून ती दारात थांबली. "रत्तियांचा निरोप आलाय. उद्या सकाळपासून तुकडे कापायला घेतायत."

उद्या शुक्रवार, इथला आठवड्याच्या सुटीचा वार. सगळं बंद, हस्निदाच्या लॅबलाही कुलूप. सोंगखलाला मात्र रोजच्यासारखं काम.

झावियाने दिवसभर घरात काहीबाही आवरलं. कपाट दोनदा लावलं. सव्वाचार वाजले. पाचला लॅब बंद होणार. शेजाऱ्याच्या वहीतले आकडे उतरवले म्हणून तिने एकदा याच फौझानला शून्य दिलं होतं. तो रडला होता आणि तरी तिने ते शून्य बदललं नव्हतं. दुसऱ्याच्या मुलाला शिस्त लावताना आपण कचरलो नाही. आणि स्वतःच्या मुलीने चूक कबूल करायला तोंड उघडलं, तेव्हा आपणच त्यावर हात ठेवला.

फौझानला सांगावंच लागेल, आणि तेही झाविया स्वतःच सांगणार होती. पण ते नंतर. आधी हस्निदाने सोंगखलाला फोन करायला हवा होता, आणि त्याआधी तिला हे कळायला हवं होतं की सोमवारी चुकली ती आई.

झावियाने चष्मा लावला आणि मुलीचा नंबर दाबला.