एका घराला एक जागा

इस्पितळाच्या लाँड्रीत त्यांना सगळे ‘काकू’च म्हणत, अगदी मुकादमसुद्धा. आपल्या भाषेतला तेवढा एक शब्द काकूंनी त्या परक्या देशाला शिकवला होता. त्या देशाची भाषा मात्र त्यांना ऐकून ऐकून थोडीफार कळायची, बोलायला बोटांवर मोजण्याइतकेच शब्द यायचे. चादर, अभ्रा, उद्या लवकर. आणि डाग राहिलेली चादर परत पाठवताना रोज ओरडायचं ते वाक्य: “डाग आहे, परत धुवा!”

याला कारण होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी लढाईतून जीव घेऊन हे कुटुंब इथे आलं, तेव्हा सरकारचा नियम होता की भाषेच्या वर्गात एका घरातून एकालाच जागा. घरातल्या पुरुषांनी चहा संपायच्या आत निकाल लावला. काका शिकतील, काकू कामाला जातील. काकूंना कोणी विचारलंही नाही. पुढे काकूंच्या पोटात दुखायचं तेही डॉक्टरांना काकाच सांगायचे, आणि अर्धवट सांगायचे. त्या अर्धवट सांगण्यात दुसरं बाळ पोटातच गेलं. काका वारले तरी काकूंनी त्यांना माफ केलेलं नाही, आणि सरकारला तर मुळीच नाही.

गेल्या महिन्यात सून आणि काकांचा पुतण्या तिकडून येऊन पोचले. सुनेला दिवस गेलेले. नियम अजून तसाच, आणि मुलाने फॉर्मवर नाव लिहिलं पुतण्याचं.

“तिच्यासाठी मी बोलेन ना, आई. त्याला नोकरी शोधायचीय.”

“तुझे बाबाही हेच म्हणाले होते.”

“आता ते कशाला उकरून काढतेस?”

“पुरलंच कुठे होतं?” काकू म्हणाल्या.

सुनेला कोणी विचारलंच नव्हतं. ते बघून काकूंच्या डोक्यात तिडीक गेली. फॉर्मच्या तळाशी, कुटुंबप्रमुखाच्या जागी, मुलाने सवयीने स्वतःची सही ठोकली होती. पण काका गेल्यापासून कचेरीच्या प्रत्येक पाकिटावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव काकूंचं यायचं, आणि स्वतःचं नाव त्यांना कोणत्याही लिपीत ओळखता यायचं. त्यांनी फॉर्म उभा फाडला.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत रजा टाकून त्या सुनेला घेऊन कचेरीच्या खिडकीशी उभ्या राहिल्या.

“तुमच्या वतीने बोलायला कोणी आलंय का?” कारकुनाने विचारलं.

“मी.”

“मुलगा?”

“मुलगा कामावर. घराची प्रमुख मी. कागद बघा.”

काकूंनी पुढे केलेल्या कचेरीच्या पाकिटावरचं नाव कारकुनाने पाहिलं आणि नवा फॉर्म पुढे केला. काकूंनी सुनेकडून तिचं नाव लिहून घेतलं आणि खाली ही भली मोठी सही केली, रकान्याबाहेर जाईल अशी. सुनेला हुंदका आवरेना. काकूंनी तिला कोपराने ढोसलं. “रडतेस काय? पहिल्या बाकावर बस.”

“झालं,” कारकून म्हणाला.

“नाही झालं. पुतण्या आहे. दुसरा फॉर्म.”

“एका घराला एकच जागा.” त्याने नियमाचं छापील पान काचेखालून पुढे सरकवलं.

इतक्या वर्षांत तो नियम काकूंच्या हातात पहिल्यांदाच येत होता. त्यातलं एक अक्षरही त्यांना वाचता आलं नाही. त्यांनी तो दोन्ही हातांनी ताणला, उजेडासमोर धरला, उलटसुलट पाहिला आणि काचेखालून परत आत ढकलला.

“डाग आहे,” काकू सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “परत धुवा!”

आणि दुसरा फॉर्म मिळेपर्यंत समोरच्या बाकावर ठाण मांडून बसल्या.