आज नवीन काही नाही

परराष्ट्र खात्याच्या माहिती कक्षात तिला सगळे निवेदनबाई म्हणत. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक खोली, दोन टेबलं, चार फोन. वरून साहेबांचा मसुदा यायचा, तो लोकांसाठी नीट करून वर्तमानपत्रांना आणि रेडिओला द्यायचा, हे तिचं काम. मसुदे असे असत, की ताकास तूर लागू नये. ती एखादा शब्द सोपा करायची, साहेब तो पुन्हा होता तसा करायचे. अशी चोवीस वर्षं गेली.

ती चोपन्न वर्षांची असताना शेजारच्या देशाशी बिनसलं. सरहद्दीवरच्या नदीपुलापाशी गोळीबार झाला आणि दुसऱ्या दिवशी पूल बंद, तिकडचे फोनही बंद. पुलापलीकडच्या गावात तिची ताई राहायची, चार वर्षांनी थोरली. लग्न होऊन तिकडे गेली, तरी महिन्यातून एकदा दोघींची भेट चुकत नसे.

निवेदन तिनेच टाइप केलं. ‘सीमेवरील ये-जा पुढील आदेशापर्यंत स्थगित करण्यात आली असून परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवण्यात येत आहे.’ दुसऱ्या सकाळी ते छापून आलं आणि चारही फोन वाजू लागले.

“बाई, मी शिकलेला माणूस आहे, तरी मला काही कळलं नाही,” एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. “सून बाळंतपणाला तिकडे गेलीय. ती कधी येणार?”

“आजोबा, ते आम्हालाही माहीत नाही.”

मग ते म्हणाले, “मग तसं लिहायचं ना. मी सकाळपासून तीन वेळा वाचलं ते.”

आठवड्याभरात अफवांना ऊत आला. शुक्रवारी पूल तासभर उघडणार, असं कुणीतरी उठवलं आणि शेकडो माणसं बोचकी घेऊन तिथे गेली. जवानांनी बंदुका रोखल्या, पळापळीत एका बाईचा हात मोडला. ती बातमी वाचून निवेदनबाई एक कागद घेऊन साहेबांकडे गेली.

कागदावर लिहिलं होतं: ‘पूल बंद आहे. कधी उघडेल, हे आज आम्हाला माहीत नाही. सैन्य कुठे आहे ते सांगता येणार नाही, कारण त्यानं जवानांच्या जिवाला धोका होईल. दर सोमवारी सकाळी दहा वाजता आम्ही रेडिओवर बोलू. नवीन काही नसलं, तरी तसं सांगू.’

“सरकारनं ‘माहीत नाही’ म्हणायचं?” साहेब म्हणाले. “शत्रू काय म्हणेल?”

“शत्रूला ठाऊकच आहे, साहेब. पूल त्यांच्याही बाजूनं बंद आहे.”

साहेब हसले नाहीत, पण कागद ठेवून घेतला. दोन दिवसांनी त्यांनी तिला बोलावलं. “तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच वाचा. शिव्या बसल्या तर तुम्हाला बसू देत.”

शिव्या बसल्याच. पण ती दर सोमवारी वाचत राहिली. बहुतेक सोमवारी एकच वाक्य असे, ‘आज नवीन काही नाही.’ हळूहळू फोन कमी झाले. पुलाकडे पुन्हा गर्दी झाली नाही.

वर्षानंतर तिसऱ्या देशात राहणाऱ्या भाच्यानं आईचं पत्र पुढे पाठवलं. ताईनं लिहिलं होतं, ‘तुमचा रेडिओ इथे लागतो. मागच्या सोमवारी तुझा घसा बसला होता. गुळण्या कर. तू नवीन काही नाही म्हणतेस, तेवढं ऐकूनही बरं वाटतं.’

पत्राची गोष्ट तिनं स्वतःच साहेबांना सांगितली.

“वाचताना एक शब्दही जास्त नको,” साहेब म्हणाले.

“नाही यायचा, साहेब.”

पुढच्या सोमवारी वाचून झाल्यावर ती माइकसमोर तशीच बसून राहिली. घसा सुधारलाय, एवढंच सांगायचं होतं. रेडिओच्या माणसानं काचेपलीकडून हात हलवला, तेव्हा ती उठली.

तिसऱ्या वर्षी थोडी सवलत मिळाली. पासष्टीपुढच्या माणसांना आठ दिवसांसाठी इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे जाता येणार होतं, पण पूल पायीच ओलांडायचा. तिनं ते निवेदन दोनदा, सावकाश वाचलं. ताई तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. तिचं पत्र आलं: ‘वयाची अट तूच घातलीस का गं? थांब, चार वर्षांत म्हातारी होऊन दाखवते.’

साठाव्या वर्षी निवेदनबाई निवृत्त झाली. वर्षभरानं ताईला पासष्ट पूर्ण झाली आणि निवेदनबाईनं तिच्यासाठी बाहेरची खोली रंगवून घेतली, खिडकीशी नवी गादी टाकली. मग पत्र आलं. भावजी अंथरुणाला खिळले होते. ‘त्यांना कूस बदलायलाही माझा हात लागतो. सोडून कशी येऊ?’ ताईनं लिहिलं होतं. या वेळी थट्टा नव्हती.

तिनं ते पत्र गादीवर बसून वाचलं, आणि उत्तर लिहायला तिला दोन आठवडे लागले. उत्तरात तिनं लिहिलं, ‘तू येऊ नकोस. मी येते.’

तिला पासष्ट व्हायला अजून चार वर्षं आहेत. पूल पाऊण कोसाचा आहे आणि गुडघे कुरकुरतात, म्हणून ती रोज सकाळी चालायला जाते.