दुमडीतला लाल

"निळं? का म्हणून निळं?"

"आई, दुःखाचं गाणं आहे. सगळे निळंच करतात."

"दुःखी माणसाला काय उलटी कावीळ होते? आणि हे काय लिहिलंयस? 'ती कपाकडे हात नेते, हळूहळू.'"

"स्लो मोशन गं. भावना जास्त पोचते."

"हळू चाललं की विरह होतो? मग बँकेच्या रांगेतले सगळेच विरहात म्हणायचे!"

"तुला यातलं कळत नाही."

"गाण्यातलं नसेल कळत. रंगातलं कळतं."

मी तेव्हा स्टुलावर उभी होते, दोन्ही हात आडवे करून. अंगावर एक भलामोठा पुरुषी शर्ट, आणि मावशी तो मागून टाचत होत्या. ओठांत चार टाचण्या धरून माणूस भांडू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. गाण्याच्या व्हिडिओत काम मी करणार होते, दिग्दर्शन मावशींची लेक. तिचं हे पहिलंच गाणं.

मावशींना त्यांच्या कारखान्यात 'डोळेबाई' म्हणत. कापड रंगवायचा कारखाना. मागवलेला रंग आणि उतरलेला रंग एकच आहे का, हे ठरवायचं काम त्यांचं. उत्तरेच्या खिडकीशी उभं राहायचं, दोन तुकडे शेजारी धरायचे, आणि 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. एकतीस वर्षं. त्यांनी 'नाही' म्हटलं की मालकसुद्धा तोंड उघडत नसे. मग एक यंत्र आलं. कापड त्याच्या तोंडाशी धरलं की आकडा सांगतं. सहा महिन्यांपूर्वी मावशी घरी आल्या. कुणी विचारलं तर म्हणत, "मी थकते, ते थकत नाही, झालं." पण भाजीवाल्याकडे टोमॅटो निवडताना पिशवी खिडकीच्या बाजूला वळवून बघत. सवय कुठे जाते?

"मग तुझं काय म्हणणं?" लेकीनं हात झटकले.

मावशींनी टाचण्या तळहातावर काढल्या. "गाण्यातला माणूस निघून गेलाय. ही त्याचा शर्ट घालून घरात वावरते, बरोबर? मग शर्ट धुतला जाणार, वाळत पडणार, विटणार. सगळं तेच ठेव. टेबल तेच, खुर्ची तीच, कप दोनच. फक्त शर्ट लाल घे आणि तो लाल उतरू दे. कडव्यागणिक एकेक पायरी."

"ते मी कॉम्प्युटरवर एका बटणात करीन."

"कर. आणि शेवटी?" त्यांनी माझी बाही धरली. शर्ट मोठा, म्हणून ती मनगटाशी एकदा दुमडलेली होती. मावशींनी दुमड सोडली. बाही खाली आली आणि माझी बोटं गडप झाली. "दुमडीत ऊन जात नाही. बाहेर सगळा शर्ट विटलाय, आणि इथे आत पहिल्या दिवसाचा लाल तसाच. ती बाही सोडते, तेव्हा तो दिसतो. केवढा मोठा माणूस होता, तेही कळतं."

लेकीनं पानावरचं 'निळा' खोडलं, पण अगदी बारीक रेघेनं. गरज पडली तर वाचता यावं म्हणून.

कारण गाणं ज्यांचं, त्या गायिका साध्यासुध्या नव्हत्या. त्यांनी आधीच्या दोघांचे व्हिडिओ नाकारले होते. हिला म्हणाल्या होत्या, "महिन्यानं येऊन बघेन. पटलं तर तुझं, नाही तर गाणं चौथ्याकडे." त्यामुळे लेकीचं पहिलं काम टांगणीला होतं. मावशींचं काय टांगणीला होतं ते त्या बोलत नव्हत्या, पण आम्हाला दिसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर दोरी आली. सहा पांढरे शर्ट मावशींनी मोरीत स्वतः रंगवले. मुद्दाम कच्चा रंग घेतला. "जन्मभर रंग टिकवायला शिकले," त्या म्हणाल्या, "आता घालवायला शिकते." बाह्यांच्या दुमडी कच्च्या टाक्यांनी शिवल्या. पहिला शर्ट कपाटात, दुसरा चार दिवस उन्हात, तिसरा आठ, असं करत सहावा वीस दिवस. रोज दोनदा पाणी मारायचं. समोरच्या गच्चीतल्या बाई विचारायच्या, "अहो, पाच-पाच शर्ट! घरी पाहुणे आलेत का?" मावशी म्हणायच्या, "आले नाहीत, गेलेत."

विसाव्या दिवशी सहाही शर्ट त्यांनी आपल्या खोलीतल्या खिडकीशी ओळीनं टांगले. ती खिडकीही उत्तरेचीच. गडद लालापासून उतरत उतरत फिक्या, थकलेल्या गुलाबीपर्यंत. एकही पायरी मोठी नाही, एकही लहान नाही. मावशी मागे सरल्या, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "हो."

हा 'हो' मी पहिल्यांदा ऐकत होते. लेकीनं हळूच माझा हात दाबला.

मग आम्ही स्टुडिओत गेलो. काळ्या पडद्यांची खोली, चार मोठे दिवे. कॅमेरामन चांगला पण तोंडाचा फटकळ. मी एक-एक शर्ट घालून खुर्चीत बसत होते. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसरा ठीक. चौथा घातला, आणि कॅमेरामन कॅमेऱ्यामागून डोकावला.

"मावशी, हा तर तिसऱ्यापेक्षा लाल दिसतोय! गेलेला माणूस परत यायला लागला की काय?"

कुणी हसलं नाही. मॉनिटरवर दोन्ही शर्ट शेजारी लावून पाहिले. खरंच, चौथा गडद, तिसरा फिका. कथा उलटी फिरली होती.

मावशींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खुर्चीत बसल्या. "माझी चूक," म्हणाल्या. "तीन शर्टांनंतर रंग संपला. बाजारात तोच मिळेना. दोन लाल मिसळून तसाच बनवला. खिडकीत धरून बघितला, तंतोतंत होता. असे रंग खिडकीच्या उजेडात एक दिसतात, दिव्याखाली वेगळे पडतात. कारखान्यात कुणी हे केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं."

लेक दमलेली होती. तोंडातून निघून गेलं, "यंत्रानं ही चूक पकडली असती."

मावशींनी शर्ट घडी करून पिशवीत भरले आणि निघून गेल्या. लेक तिथेच खाली बसली. "काय बोलले मी," म्हणाली. वहीत खोडलेलं 'निळा' तिनं पुन्हा वाचलं. आता पाचच दिवस हातात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माझा फोन वाजला. मावशी.

"कॅमेरावाल्याला घेऊन घरी ये. दिवे नकोत."

आम्ही पोचलो तर त्यांच्या खोलीतला पलंग उभा करून भिंतीला लावलेला. उत्तरेच्या खिडकीशी टेबल, खुर्ची, दोन कप. लेक दारातच थांबली.

"आई, काल मी..."

"काल तू खरं बोललीस. यंत्र चार प्रकारच्या उजेडात बघतं, मी एकाच. मग आपणही एकाच उजेडात बघू ना! या खिडकीत ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. दहा ते तीन हलत नाही. मी एवढी वर्षं असल्या उजेडात जगले आहे, मला विचार."

कॅमेरामननं खिडकीत हात धरला, उलटा-सुलटा केला. "मावशी, हा उजेड तर लोण्यासारखा आहे हो."

"खाऊ नकोस. कॅमेरा लाव."

"आणि चेहरा? जवळून घेऊ ना?"

"नको," या वेळी लेक म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "कॅमेरा हलणारच नाही. प्रत्येक कडव्याला ही दारातून बाहेर जाईल आणि पुढच्या शर्टात आत येईल. कापायचं ते फक्त दारात. घर जागच्या जागी, माणूस विटत जाणारं. आई, दुसरा कप?"

"रोज मांड. रोज उपडाच ठेव."

मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या आणि मला वाटलं, आता हे दोघींचं झालं.

दोन दिवस शूटिंग, दोन दिवस जोडणी. पाचव्या दिवशी दुपारी गायिका आल्या. त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसल्या. मागच्या दोरीवर सहा शर्ट टांगलेले. लेक लॅपटॉपचं बटण दाबणार, इतक्यात मावशी म्हणाल्या, "आवाज बंद कर."

"आई! त्यांचंच गाणं आहे!"

"गाणं बाई जाणतात. चित्र जाणत नाहीत. आधी नुसतं चित्र बघू देत."

गायिकांच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या म्हणाल्या, "बघू."

मुकं चित्र सुरू झालं. मी खुर्चीत, गडद लाल. बाहेर जाते, आत येते. कप मांडते. बाहेर जाते, आत येते. पहिली दोन कडवी गायिका नुसत्या बघत होत्या. तिसऱ्याला त्या पुढे झुकल्या. काहीतरी बदलतंय, काय ते सापडत नव्हतं. चौथ्याला सापडलं. त्यांचे ओठ हलू लागले आणि अगदी बारीक आवाजात, स्वतःशीच, त्या आपलंच गाणं गायला लागल्या. पडद्यावर मी जिथे थांबले होते तिथे त्या श्वास घेत होत्या. लेकीनं तोंडावर हात दाबला.

शेवटचं कडवं. विटलेला गुलाबी. पडद्यावरची मी बाहीचा टाका तोडते, दुमड सोडते. लाल खाली उतरतो, मनगटावरून, बोटांवरून.

गायिकांचा आवाज तिथेच थांबला.

मावशी त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या, डोळे बारीक करून, आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "हो."

गायिका उठल्या. दोरीपाशी गेल्या, सहावा शर्ट उतरवला. त्याची सुटलेली बाही खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग तो शर्ट त्यांनी आपल्या अंगावर चढवला, साडीवरूनच.

"ताई," लेकीनं मागून विचारलं, "पण... पटलं ना?"

त्या वळल्या नाहीत. शेवटचं कडवं गुणगुणतच दार उघडून जिना उतरू लागल्या, आणि कठड्यावरून सरकत जाणाऱ्या त्यांच्या हातावर ती लाल बाही आम्हाला खालच्या वळणापर्यंत दिसत राहिली.